मुलगी अठराची झाली, आता पालक कोण?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एखादी आई मागं थांबते आणि हळूच विचारते, "पोरगी मतिमंद आहे, 22 वर्षांची. तिच्या वाट्याच्या जमिनीच्या कागदावर सही कोण करणार?" आईबाप आहेत तोवर तेच पालक, असं बहुतेकींना वाटतं. पण 18 पूर्ण झाली की कायद्यानं ती सज्ञान. नुसती आई म्हणून केलेली सही मग तिच्या वतीनं चालत नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदाही अज्ञान मुलांपुरताच आहे.

मग कुठं जायचं? ते आजारावर ठरतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल, तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. मुलगी जिथं राहते तो जिल्हा धरायचा. मामा अकलूजला असला तरी मुलगी इंदापुरात राहते, म्हणजे अर्ज पुण्याच्या समितीकडं.

अपघातात डोक्याला मार लागून माणूस महिनोन्‌महिने बेशुद्ध असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. म्हणून उच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम 226 खाली पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयानं 2019 मध्ये त्याची पद्धत घालून दिली. आपल्याकडं मात्र नीरा नदी मधे येते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. पलीकडचा माळशिरस तालुका सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तो कोल्हापूरला जोडला गेला. अलीकडं इंदापूर, बारामती पुणे जिल्ह्यात, म्हणून आपल्याला मुंबईच. सोयरिकी दोन्ही काठांवर असल्यानं इथं हमखास घोटाळा होतो.

मानसिक आजार यात मिसळू नका. 2017 च्या कायद्यानं त्या व्यक्तीला उपचारांसाठी आपला प्रतिनिधी स्वतः निवडता येतो. त्या प्रतिनिधीला तिच्या जमिनीवर हक्क मिळत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पालक झालेला भाऊ बहिणीच्या वाट्याचा धनी होत नाही. समितीनं नेमल्यापासून 6 महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढं दरवर्षी हिशोब. तो तिला नीट सांभाळत नसेल किंवा तिचे पैसे खात असेल, तर दुसरा नातेवाईक समितीकडं तक्रार करू शकतो आणि समिती त्याला काढू शकते. म्हणून कुणी घाईनं हक्कसोडपत्रावर मुलीचा अंगठा मागितला, तर आधी विचारा: पालक नेमल्याचा दाखला कुठाय?

अर्जाला जाताना दिव्यांग प्रमाणपत्र, मुलीच्या वयाचा आणि राहण्याचा पुरावा सोबत ठेवा. आई स्वतःही पालक म्हणून अर्ज करू शकते.