'परवडणारी घरे' आणि ग्रंथालयाची जागा

अमेरिकेतील काही मोठ्या नगरांत अलीकडे एक नवी प्रथा रूढ होऊ लागली आहे. नगराच्या मालकीचे जुने, बैठे शाखा-ग्रंथालय पाडावयाचे, त्याच जागी बहुमजली इमारत उभारावयाची, आणि खालच्या मजल्यांवर नवे ग्रंथालय व वरच्या मजल्यांवर मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भाड्याची घरे वसवावयाची, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या योजनांविषयीचा बराचसा वाद अखेरीस एका विशेषणाच्या अर्थापाशी येऊन ठेपतो. ते विशेषण म्हणजे 'परवडणारे'.

प्रथम या प्रथेमागील अर्थव्यवहार समजून घ्यावयास हवा. दाट वस्तीच्या नगरात घर बांधण्याच्या खर्चाचा मोठा वाटा जमिनीचा असतो. एकदोन मजली ग्रंथालयाच्या जागेवर नियमांनुसार जेवढे बांधकाम करता येते त्याचा अल्पांशच वापरलेला असतो. उरलेला हक्क जणू आकाशात पडून राहतो. ही जागा मूळचीच सार्वजनिक असल्याने ती अल्प मोबदल्यात उपलब्ध करून देता येते. बांधकामासाठी सरकारी कर्जे मिळतात, आणि १९८६च्या केंद्रीय कायद्याने सुरू झालेल्या करसवलतीच्या आधारे खाजगी भांडवलही उभे राहते. जीर्ण ग्रंथालयाच्या दुरुस्तीस पैसा नसलेल्या नगरपालिकेस अशा रीतीने नवे ग्रंथालय मिळते आणि घरांची संख्याही वाढते.

या प्रथेची काही फळे आज दिसत आहेत. ब्रुकलिनमधील सनसेट पार्क येथे सुमारे बारा हजार चौरस फुटांच्या जुन्या ग्रंथालयाच्या जागी ४९ घरांची इमारत झाली. तिच्यातील सुमारे एकवीस हजार चौरस फुटांचे नवे ग्रंथालय २०२३मध्ये उघडले. मॅनहॅटनच्या उत्तर टोकास इनवुड येथे १९५२चे ग्रंथालय पाडून उभारलेल्या इमारतीत १७४ घरे आहेत. तेथील ग्रंथालय २०२४मध्ये सुरू झाले. शिकागो नगराने २०१९मध्ये ग्रंथालय व घरे यांची सांगड घालणाऱ्या तीन इमारती पूर्ण केल्या. त्यांपैकी दोहोंत वृद्धांसाठी प्रत्येकी ४४ आणि तिसरीत ७३ घरे आहेत.

तथापि या योजनांकडे नागरिक संशयाने पाहतात, आणि त्या संशयास इतिहास आहे. मॅनहॅटनच्या ५३व्या रस्त्यावरील डॉनेल ग्रंथालय १९५५मध्ये उघडले होते. २००७मध्ये ती जागा एका हॉटेल-कंपनीस ५ कोटी ९० लक्ष डॉलरांस विकण्याचा करार झाला, आणि २००८मध्ये ग्रंथालय बंद पडले. त्याच्या जागचे नवे ग्रंथालय उघडावयास २०१६ साल उजाडले. जुन्याचे क्षेत्रफळ सुमारे ९७,००० चौरस फूट होते, नव्याचे २८,०००; आणि त्याचा बराच भाग तळघरात गेला. तेथे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घर एकही झाले नाही. पुढे ब्रुकलिन हाइट्स येथील ग्रंथालयाची जागा ५ कोटी २० लक्ष डॉलरांस विकण्याचा निर्णय झाला. त्या जागेवर श्रीमंतांच्या सदनिकांचा मनोरा उभा राहिला. नवे ग्रंथालय त्याच्या पायथ्याशी २०२२मध्ये उघडले, आणि 'परवडणारी' ११४ घरे मात्र दुसऱ्या मोहल्ल्यात बांधण्यात आली. 'ग्रंथालयाचा पुनर्विकास' हा एकच शब्दप्रयोग डॉनेललाही लागू पडतो आणि सनसेट पार्कलाही. यावरून त्या शब्दाने फारसे काही कळत नाही, हे उघड आहे.

आता मूळ विशेषणाकडे वळू. इंग्रजीतील 'अफोर्डेबल' हे रूप 'शक्य' अर्थाच्या प्रत्ययाने साधलेले आहे. असा प्रत्यय लागला की क्रियेचा कर्ता वाक्यातून गळतो, आणि गुण जणू वस्तूच्याच ठायी असल्याचा भास होतो. घर जसे उंच किंवा हवेशीर असते, तसे ते 'अफोर्डेबल' असते. मराठीतील 'परवडणे' या धातूची रचना निराळी आहे. 'मला हे घर परवडते' या वाक्यात घर प्रथमेत आहे, आणि ज्याची ऐपत मोजावयाची तो माणूस चतुर्थीत आहे. ही चतुर्थी धातूची अपेक्षाच होय. 'हे घर परवडते' एवढेच कोणी म्हटले तर ऐकणारा लगेच विचारतो : कोणाला? परंतु 'परवडणारी घरे' असे धातुसाधित विशेषण केले, की मराठीतही ती चतुर्थी लोपते आणि प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

हा लोप केवळ व्याकरणाचा नव्हे, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. अमेरिकेत घराचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. भाड्याची मर्यादा ठरविताना संपूर्ण महानगरक्षेत्रातील कुटुंबांच्या उत्पन्नाचा मध्यक घेतात, आणि त्याच्या अमुक टक्के उत्पन्न असलेल्यांसाठी घर राखून ठेवतात. समजा, मध्यक १०० आहे, आणि घर ६० उत्पन्नाच्या कुटुंबासाठी राखलेले आहे. तर भाडे १८ ठरेल. परंतु ग्रंथालयाच्या शेजारच्या गल्लीतील कुटुंबाचे उत्पन्न ३० असेल, तर त्याला हेच भाडे आपल्या मिळकतीच्या ६० टक्के पडेल. घर कायद्याने 'परवडणारे', आणि शेजाऱ्याला न परवडणारे! महानगराच्या मध्यकात सधन उपनगरेही मोजली जात असल्याने गरीब मोहल्ल्यात ही तफावत हमखास उद्भवते. म्हणूनच 'किती घरे?' या प्रश्नाइतकाच 'किती टक्क्यांची घरे?' हा प्रश्न तेथील रहिवासी आग्रहाने विचारतात. चतुर्थीप्रमाणे येथे कालवाचकाचाही लोप होतो. केंद्रीय करसवलतीचे बंधन साधारणतः किमान ३० वर्षांचे असते. त्यानंतर घर परवडणारे राहील की नाही, हे स्थानिक करारावर अवलंबून असते. ग्रंथालयाची जमीन मात्र एकदाच देता येते.

मुंबईच्या चाळींचा पुनर्विकास आपणांस परिचित आहे. तेथे जुन्या भाडेकरूंचा हक्क कायद्याने मानलेला असतो, आणि त्यांच्या संमतीवाचून पाऊल पुढे पडत नाही. ग्रंथालयाच्या जागेवर कोणी राहत नसते. तिचा जुना 'भाडेकरू' म्हणजे वाचक. आणि वाचकापाशी भाडेपावती नसते. सनसेट पार्कचे ग्रंथालय २०१८मध्ये तात्पुरत्या जागेत गेले व २०२३मध्ये परतले. सहा वर्षांचे मूल त्या अवधीत अकरा वर्षांचे होते. तात्पुरत्या का होईना, जागेची सोय आधी झाली होती म्हणून त्याचे वाचन सुटले नाही. ज्या योजनेत ही सोय नसेल, तिची किंमत नेमके हे मूल मोजते. हिशेबाच्या वहीत मात्र तिची नोंद होत नाही.

ग्रंथालय आणि घर यांत निसर्गतः विरोध आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. ज्याला डोक्यावर छप्पर नाही त्याला वाचनाचा उपदेश करणे व्यर्थ होय, आणि एकाच जिन्याने दोन्ही गोष्टी साधत असतील तर ती योजना स्वागतार्हच आहे. मात्र ती स्वीकारण्यापूर्वी तिचे वाक्य पूर्ण करून घ्यावे : कोणाला परवडणारी, किती काळ परवडणारी, आणि जमीन अखेर कोणाच्या मालकीची. नियोजनाच्या परिभाषेतील अशी अपुरी विशेषणे आपल्याकडील शासकीय मराठीतही विपुल आहेत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांची गाळलेली पदे शोधण्याचे काम हाती घेतल्यास ते विद्येच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल, आणि नागरिकांच्याही उपयोगी पडेल.