वादळ दाराशी, बाग तळघरात

घर सोडून ताबडतोब निघा, असा हुकूम आला तर आपण बरोबर काय घ्याल? हा प्रश्न एखाद्या संध्याकाळी घरात सहज टाकून पाहा. गृहिणी म्हणेल, दागिन्यांचा डबा आणि कागदपत्रे. आजोबा औषधांच्या पिशवीकडे बोट दाखवतील. धाकटी मुलगी मांजरीला उराशी घट्ट धरील. या सर्व गोष्टींत एक सोय आहे. त्या उचलता येतात.

पण जी जिवंत आहे आणि तरीही उचलता येत नाही, अशा वस्तूचे काय करायचे? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाडीवाल्यांपुढे हाच पेच होता. माणसे पक्क्या इमारतींत हलवता आली. नारळी-पोफळी कशा हलवणार? त्या जागच्या जागी मोडून पडल्या.

हाच पेच अटलांटिक महासागराच्या काठी, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, मोठ्या चमत्कारिक रूपात पाहायला मिळतो. तेथे झाड आहे गांजाचे, वाडी आहे घराच्या तळघरात आणि सूर्य आहे विजेचा!

चार झाडांची मुभा

गांजाचे नाव काढताच काही वाचकांच्या भुवया वर चढतील, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवान्याविना गांजाचे झाड लावणे हा गुन्हा आहे. घरच्या कुंडीत एखादे रोप लावले तरी सुटका नाही. कॅनडाने मात्र १७ ऑक्टोबर २०१८ पासून निराळी वाट धरली. देशाच्या कायद्याने प्रौढ नागरिकांच्या घरामागे चार झाडे लावण्याची मुभा दिली. क्वेबेक प्रांताने ती नाकारली. पण नोव्हा स्कोशिया, न्यूफाउंडलंड, प्रिन्स एडवर्ड बेट या समुद्रकाठच्या प्रांतांत ती आहे. खेरीज ज्यांना वैद्यकीय शिफारस आहे, त्यांना सरकारदरबारी नोंद करून स्वतःच्या औषधापुरती झाडे लावता येतात. कुणाला कर्करोगाच्या औषधांनी येणारी मळमळ आवरायची असते, कुणाला स्नायूंची ओढाताण, तर कुणाला जुनाट वेदना. अशा माणसाच्या दृष्टीने ती चार-सहा झाडे म्हणजे पुढच्या काही महिन्यांची औषधाची बाटलीच.

तेथील उन्हाळा तोकडा आणि हिवाळा लांबलचक. त्यामुळे पुष्कळ लोक ही बाग घरातच करतात, आणि घरात मोकळी जागा म्हटली की तळघर. ते थंड असते, शेजाऱ्यांना वास जात नाही, मुलांचा हात पोचत नाही. शांत दिवसांत याहून चांगली जागा नाही. वादळात मात्र याहून वाईट जागा नाही.

विजेच्या पाळण्यातले पोर

घरातली ही बाग पाहिली म्हणजे दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आठवण येते. प्रकाश दिव्याचा, वारा पंख्याचा, हवेतला दमटपणा शोषून घ्यायला आणखी एक यंत्र. काहीजण मातीचाही उपयोग करीत नाहीत. मुळे खतपाण्याच्या टाकीत सोडतात आणि एक छोटा पंप त्या पाण्यात अहोरात्र हवा फुंकीत राहतो.

आता वीज गेली असे समजा. दिवे विझले, याची भीती आपल्याला सर्वांत आधी वाटते. मौज अशी की अंधाराने झाड लवकर मरत नाही. दोन-तीन दिवसांचा काळोख ते निमूटपणे सोसते. गांजाचे झाड रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखते. रोज सुमारे बारा तासांची सलग रात्र मिळू लागली की त्याला फुलोरा येतो. म्हणून काळोख लांबला तर वाढीचे रोप वेळेआधी फुलावर येईल, एवढेच. हा गोंधळ नंतर निस्तरता येतो.

खरा घात करतात ते बंद पडलेले पंखे. हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि भरगच्च तुऱ्यांच्या पोटात करडी बुरशी धरते. बाहेरून तुरा हिरवागार दिसतो. बोटाने उकलावा तर आत राखेसारखी भुकटी. टाकीतल्या झाडांची स्थिती तर त्याहून नाजूक. पंप थांबला की मुळे गुदमरू लागतात, आणि मुळांवर नुसते तुषार उडवण्याची रचना असेल तर काही तासांतच ती वाळून जातात. त्यामानाने साध्या मातीची कुंडी ही खरी सोशीक. दिवे बंद असले की झाड पाणीही कमी पिते, त्यामुळे चांगली भिजवलेली कुंडी कित्येक दिवस तग धरते.

आणखी एक यंत्र लोक विसरतात. त्या भागातल्या अनेक तळघरांत जमिनीतून झिरपणारे पाणी उपसायला पंप बसवलेला असतो. तोही विजेवरच चालतो. म्हणजे ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री उपसा बंद! समुद्र दूर असला तरी तळघर भरायचे ते असे.

आणि वीज तेथे जाते ती तासा-दोन तासांपुरती नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळाने नोव्हा स्कोशियातील चार लाखांहून अधिक वीजजोडण्या तोडल्या. तीनच वर्षांनी, २४ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे, फिओना आली. किनाऱ्याला लागताना शास्त्राच्या काटेकोर भाषेत ती 'हरिकेन' उरली नव्हती. पण हवेचा दाब ९३२ मिलिबारच्या आसपास उतरला होता, आणि कॅनडाच्या भूमीवर आलेल्या कोणत्याही वादळात इतका कमी दाब पूर्वी नोंदला गेला नव्हता. पुन्हा चार लाखांहून अधिक जोडण्या गेल्या, आणि काही घरांत दिवे लागायला दोन आठवड्यांच्या घरात काळ गेला.

हाती असलेले अठ्ठेचाळीस तास

सुदैवाने असे वादळ चोरपावलांनी येत नाही. त्याची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. या अवधीत बाग वाचवायची म्हणजे काय करायचे? नवशिका काहीतरी वाढवू पाहतो : आणखी खत, आणखी एक बॅटरी, आणखी एक दोरी. अनुभवी मनुष्य उलट कमी करीत जातो.

पहिले काम जागा बदलण्याचे. कुंड्या तळघरातून वर आणाव्यात. वरच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली मधली खोली उत्तम. न्हाणीघरातले टब मोकळे असेल तर कुंड्या त्यात उभ्या कराव्यात, म्हणजे सांडलवंडही आपोआप निभते.

दुसरे काम कात्रीचे. जे तुरे पक्व झाले आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत, ते कापून घ्यावेत. आठवडाभर आधी कापल्याने थोडे उणे पदरात पडते. बुरशी लागली तर काहीच पडत नाही. कापलेल्या तुऱ्यांचे लहान तुकडे करून ते विरळ टांगावेत, कारण वीज नसलेल्या दमट घरात जाड तुरा सुकण्याआधी कुजतो. उरलेल्या झाडांची आतली दाट पाने काढून टाकावीत. वारा खेळायला वाट मिळते आणि झाडाची तहानही कमी होते.

तिसरे काम पाण्याचे. मातीच्या कुंड्या भिजवाव्यात, पण पाने आणि तुरे कोरडे ठेवावेत. टाकीतल्या झाडांसाठी एक साधी युक्ती आहे. टाकीतले पाणी थोडे उतरवावे, म्हणजे मुळांचा वरचा भाग हवेत राहतो आणि खालचा पाण्यात. पंपाविना असे झाड काही दिवस तरी श्वास घेऊ शकते.

चौथे काम करायला मनाचा धडा करावा लागतो. सर्व दिवे, पंखे, पंप बंद करून त्यांच्या पिना भिंतीतून काढाव्यात, आणि निघताना घराचा मुख्य स्विच खाली ओढावा. 'वीज राहिलीच तर दिवे चालू राहतील' ही आशा महागात पडते. छतातून ठिबकणारे पाणी, हलून पडलेला तापलेला दिवा आणि गेलेली वीज एकाएकी परतताना बसणारा धक्का, यांतून आग लागते. मग बागही नाही आणि घरही नाही.

काहीजण म्हणतील, जनरेटर लावून ठेवला तर? राहत्या माणसाला तो उपयोगी आहे; पण तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून निदान सहा मीटर दूर हवा. वादळातून वाचलेली माणसे नंतर बंद गॅरेजमधल्या जनरेटरच्या विषारी वायूने झोपेतच गेल्याची उदाहरणे अमेरिकेत पुन्हापुन्हा घडली आहेत. त्या वायूला ना रंग, ना वास. घर सोडून जाताना तर जनरेटर चालू ठेवून जाणे हा शुद्ध वेडेपणा.

गाडीत काय न्यावे?

येथे कायदा मोठ्या गमतीने आड येतो. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे कळ्या-फुलांवर आलेले गांजाचे झाड सार्वजनिक जागी जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. घरात ते कायदेशीर. दाराबाहेर काढून रस्त्यावर आणले की बेकायदेशीर! फुलावर न आलेली रोपे मात्र चारपर्यंत नेता येतात. सुकलेला माल ३० ग्रॅमपर्यंत आणि एक बी एक ग्रॅमच्या बरोबरीची धरल्याने केवळ बियाच असतील तर तीस बिया. वैद्यकीय नोंद असलेल्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. दक्षिणेकडच्या अमेरिकेत तर राज्याची सीमा ओलांडून गांजा नेणे, दोन्ही राज्यांत तो कायदेशीर असला तरी, केंद्रीय कायद्याने गुन्हाच ठरतो. आणि वादळांचे माहेरघर असलेल्या फ्लॉरिडात घरी झाड लावण्याचीच मुभा नाही.

कायद्याने घातलेली ही अट आणि बागाईतदाराचे शहाणपण मात्र एकाच जागी येऊन मिळतात. मोठे झाड मागे ठेवा आणि त्याची वीतभर फांदी बरोबर न्या. फुलावर न आलेल्या झाडाची कोवळी फांदी कापून ओल्या कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली की ती प्रवास सोसते. ओलसर जागी लावल्यावर दहा-पंधरा दिवसांत तिला मुळे फुटतात. ते रोप म्हणजे गुणधर्माने जुने झाडच, नव्याने जन्मलेले. ज्या रोग्याला एका विशिष्ट वाणानेच आराम पडतो, त्याला याचे मोल विचारावे. बियांची पुडी तर खिशातही मावते आणि कोरडी, थंड ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते.

पोर्ट ओ बास्कची सकाळ

आता या सर्व खटाटोपाच्या मर्यादेकडे वळू या. न्यूफाउंडलंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोर्ट ओ बास्क नावाचे साडेतीन-चार हजार वस्तीचे गाव आहे. फिओनाच्या त्या सकाळी समुद्र नुसता चढला नाही, तो घरांवर चालून आला. नगरपालिकेने आणीबाणी पुकारून किनाऱ्यालगतच्या लोकांना घरे सोडायला सांगितले. निघायला अवधी होता तो मिनिटांचा. शंभराच्या आसपास घरे गेली. काही तर पायासकट उचलली जाऊन समुद्रात पडली. एका वृद्ध स्त्रीला लाटेने तिच्या घरातून ओढून नेले.

अशा सकाळी तळघरात काय होते? त्या प्रदेशात घर ऊबदार ठेवण्यासाठी जाळायच्या तेलाची टाकी पुष्कळदा तळघरातच असते. पाणी शिरले की टाकी उलटते, तेल पाण्यावर तरंगते आणि त्यात गटाराचे पाणी मिसळते. वर मुख्य स्विच चालूच राहिला असेल तर त्या पाण्यात वीजही उतरते. 'फक्त दोन कुंड्या वर आणतो' म्हणून अशा वेळी जिना उतरणारा माणूस बाग वाचवायला चालला आहे, असे त्याला वाटते. खरे पाहता तो मृत्यूच्या खोलीत उतरत असतो.

म्हणूनच ती सारी कामे अठ्ठेचाळीस तास आधीची आहेत. हुकूम आल्यानंतरचे काम एकच : दार ओढून घ्यायचे आणि निघायचे. अर्धी कामे राहिली असतील तर ती राहू द्यावीत.

परत आल्यावर

परतल्यावर घाईने तळघरात उतरू नये. पाणी असेल तर वीज तोडल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. पुराचे पाणी ज्या झाडाला किंवा सुकवलेल्या तुऱ्याला लागले, ते बिनतक्रार टाकून द्यावे. धुऊन, वाळवून ते औषध होत नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेली मुळे सहसा सावरत नाहीत. कोरडे राहिलेले तुरेही उजेडात उकलून पाहावेत. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी मोह आवरावा. ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने आधीच खचली आहे, त्याच्या फुप्फुसांत ती बुरशी गेली तर औषधच दुखणे होऊन बसते. आणि जी झाडे केवळ मलूल झाली आहेत, त्यांना एकदम प्रखर दिव्याखाली ओढू नये. उपाशी माणसाला आपण आधी पेज देतो, तसा थोडा उजेड, थोडे पाणी, मग हळूहळू पूर्वीचा क्रम.

आपल्या घरात गांजाची बाग नाही, आणि कायद्याप्रमाणे नसावीही. पण गॅलरीत आजीची तुळस आहे, कुणाकडे हौसेने वाढवलेली ऑर्किड्स आहेत, कुणाच्या गावी आजोबांनी लावलेली पोफळीची बाग आहे. पावसाळ्यात पाणी चढते तेव्हा मन त्यांच्यापाशी घुटमळते, आणि घुटमळावेच. ज्याला झाड सोडवत नाही तो माणूस वाईट असूच शकत नाही. त्याने एवढेच करावे की वर्दी ऐकताच एक फांदी कापून ओल्या फडक्यात गुंडाळावी, मूठभर बी कनवटीला लावावे आणि लेकराबाळांचा हात धरून बाहेर पडावे. फांदीला पुन्हा मुळे फुटतील. ती लावायला आपण मात्र हवे.