दमा आणि मुलाची वस्ती

थंडीचे दिवस सुरू झाले की शाळेच्या हजेरीपटात एखाद-दुसऱ्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. घरी चौकशी करता, "रात्रभर खोकतो, दम लागतो" असे उत्तर मिळते. मूल मुळातच अशक्त आहे, किंवा आजोबांचे दुखणे नातवाकडे आले, असे म्हणून विषय तेथेच संपविला जातो. दम्याची प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यातून येते, हे खरे आहे. परंतु ती प्रवृत्ती कोणत्या मुलात बळावते आणि कोणाला वारंवार दवाखान्यात न्यावे लागते, हे मूल कोणत्या हवेत व कोणत्या घरात वाढते यावरही मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. शिक्षकांनी ही दुसरी बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

दमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिकांना आतून बहुधा सूज असते. धूर, धूळ, बुरशी किंवा सर्दीपडसे यांपैकी एखाद्याचा उपद्रव होताच नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर अधिक सुजते, चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. श्वास सोडताना छातीतून शिटीसारखा आवाज येतो तो यामुळेच. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. म्हणून अशा मुलास वेगळे बसविण्याचे मुळीच कारण नाही.

दमा सर्व वस्त्यांत सारखाच त्रास देतो काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील शहरांच्या उदाहरणावरून चांगले समजते. 1930 नंतरच्या दशकात तेथील एका सरकारी गृहकर्ज संस्थेने 200 हून अधिक शहरांचे नकाशे तयार केले आणि प्रत्येक वस्तीस प्रतवारी दिली. कर्ज देण्यास धोक्याची ठरविलेली वस्ती तांबड्या रंगाने दाखविली जाई. कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्या बहुतेक याच रंगात गेल्या. तेथे घर घेण्यास वा दुरुस्त करण्यास कर्ज मिळेना. घरे जुनी होत गेली, आणि पुढे मोठे रस्ते व कारखाने पुष्कळदा अशाच वस्त्यांच्या आसपास आले. घरांच्या बाबतीतील असा भेदभाव 1968 मध्ये कायद्याने बंद झाला. तथापि, कॅलिफोर्नियातील आठ शहरांचा जो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकेकाळच्या तांबड्या वस्त्यांतील लोक दम्यासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात उत्तम प्रतीच्या वस्त्यांतील लोकांच्या सुमारे 2.4 पट अधिक प्रमाणात येत असल्याचे आढळले. नकाशे जुने झाले, पण त्यांचा परिणाम श्वासात राहिला.

वस्तीचा दोष केवळ रस्त्यावरच्या हवेत नसतो. तो घरातही शिरतो. गळक्या छपराने भिंतींवर बुरशी धरते, अंथरुणात धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात, फटींतून झुरळे वावरतात. अमेरिकेतील शहरांच्या गरीब भागांतील मुलांविषयी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, ज्या मुलांना झुरळांचे वावडे होते आणि ज्यांच्या झोपण्याच्या खोलीतही झुरळांचे अंश पुष्कळ होते, त्यांना इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या घराची दुरुस्ती कुटुंबाच्या हाती नाही, त्या घराचा दोष आईच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

एका मुलाच्या आयुष्यात याचा शेवट कोठवर जाऊ शकतो, हे लंडनमध्ये दिसले. एला अडू-किसी-डेब्रा ही शाळकरी मुलगी तेथील अत्यंत वर्दळीच्या एका रस्त्यापासून सुमारे 25 ते 30 मीटरांवर राहत होती. तीन वर्षांच्या आत तिला जवळजवळ 30 वेळा रुग्णालयात न्यावे लागले, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती दम्याने दगावली. डिसेंबर 2020 मध्ये झालेल्या दुसऱ्या न्यायिक चौकशीत, तिच्या मृत्यूस हवेचे प्रदूषणही कारणीभूत झाले असा निर्णय देण्यात आला. त्या हवेच्या धोक्याची माहिती तिच्या आईला देण्यात आली नव्हती, असेही त्या चौकशीत नमूद झाले.

असे कारण शोधून दूर करता येते काय? स्पेनमधील बार्सिलोना शहराने याचे उत्तर दिले आहे. 1981 ते 1987 या काळात तेथे एकूण 26 वेळा असे झाले की, एकाच दिवशी अनेक माणसे दम्याच्या तीव्र झटक्याने रुग्णालयांत आली. झटके कोठे व केव्हा आले याची नोंद जुळविता बोट बंदराकडे वळले. ज्या दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरविले जाई, त्याच दिवशी साथ येई. धान्याच्या एका उंच कोठारास धूळ अडविणारी गाळणी नव्हती. ती बसविल्यावर साथी थांबल्या. माणसे तीच राहिली, हवा बदलली.

खेड्याची हवा शुद्ध असते, असा आपला समज असतो. परंतु खिडकी नसलेल्या घरात सरपण व गोवऱ्यांची चूल पेटली की मूल तास न् तास धुरात बसते. सन 2016 पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस आला, तरी सिलिंडर परवडत नाही तेथे चूल चालूच राहते. याखेरीज वीटभट्टी, मळणीची धूळ, पेटविलेला कचरा ही कारणेही गावोगाव असतात, आणि त्यांचा जाच बहुधा गावाच्या कडेला राहणाऱ्यांना अधिक होतो.

शिक्षकांनी गावाचा साधा आराखडा काढून, दम लागणाऱ्या मुलांची घरे त्यावर खुणेने दाखवावीत आणि त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी होतो तेही टिपावे. हा आराखडा चव्हाट्यावर न मांडता आरोग्यसेविकेस दाखवावा. खुणा एकाच बाजूस जमल्या, तर त्या बाजूस काय आहे याचा शोध घ्यावा आणि मुलांची नावे न घेता तो प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावा. शाळेत फळा ओल्या फडक्याने पुसावा, केर मुले येण्यापूर्वी पाणी शिंपडून काढावा, आवारात पालापाचोळा जाळू नये. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाची सवय जडते, हा गैरसमज पालकांच्या मनातून काढावा आणि ते औषध मुलाजवळ राहू द्यावे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मुलास बसते ठेवून त्याचे औषध द्यावे आणि पालकांची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आजारी मुलास औषध देणे हे वैद्याचे काम होय. पण ते मूल कोणत्या घरातून आणि कोणत्या वाटेने शाळेत येते, हे शिक्षकाइतके क्वचितच कोणास ठाऊक असते. हजेरीपटात गैरहजेरीची खूण करण्यापूर्वी त्या घराकडे एकवार जाऊन यावे.