मानसशास्त्रात पीएच.डी. करायची? आधी उद्दिष्ट ठरवा

मानसशास्त्रात पीएच.डी. करावी का, असं मला बरेच जण विचारतात. कुणी तरुण असतात, कुणी माझ्यासारखे पेन्शनर. फौजेत मोहिमेआधी पहिला प्रश्न असतो, उद्दिष्ट काय? इथेही तोच विचारा.

संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल, तर पीएच.डी. योग्य. रुग्णांवर उपचार करायचे असतील, तर ती एकटी पुरत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडे नोंदणी लागते. आमच्या बंगळुरूत १९७४ साली स्थापन झालेल्या निम्हान्समध्ये या दोन्ही वाटा दिसतात. एक वॉर्डातल्या रुग्णांमधून जाते, दुसरी शोधप्रबंधातून.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५. राखीव गटांना पाच टक्के सवलत आहे. मुदत किमान तीन वर्षं, साधारणतः कमाल सहा. अर्धवेळही करता येते. वयाची अट या नियमांत नाही, पण नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीला आहे. तेव्हा पेन्शनरांनो, खर्च आपल्याच खिशातून! मार्गदर्शकांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत, तेही विचारा. तीनपेक्षा कमी असतील, तर त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

विषय नेमका हवा. सैन्याच्या निवड मंडळात उमेदवाराला चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. मराठीत विचार करणारा मुलगा ती इंग्रजीत लिहितो, तेव्हा त्याच्या मनातलं काय निसटतं? हा संशोधनाचा प्रश्न झाला. 'माणसाचं मन' हा नुसता मथळा.

शेवटी एक जबाबदारी. नावाआधी 'डॉ.' लागलं की शेजारपाजारचा खचलेला माणूस आधी तुमचंच दार ठोठावेल. तुमची पदवी संशोधनाची आहे, हे त्याला ठाऊक नसतं. त्याचं शांतपणे ऐका, पण उपचार करायला बसू नका. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे न्या. टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पीएच.डी. करा अथवा न करा, तो क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.