मोटारीचे इंजिन का तापते?

सुरतेहून सापुताऱ्याचा घाट चढताना एखादी मोटार वाफा सोडीत रस्त्याच्या कडेला उभी असलेली दिसते. अशा वेळी प्रथम इंजिन बंद करून ते निवू द्यावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंश सेल्सिअसपुढे तापूनही उकळत नाही. परंतु झाकण काढताच त्याची वाफ उसळते व हातातोंड भाजते.

मग लक्षणे पाहावीत. गाडी उभी असता इंजिन तापते आणि धावू लागताच निवते, तर पंख्यात दोष असावा. चढावर वा वेगातच तापल्यास रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यावा. बाहेर गळती नसताही पाणी घटत असेल, तर गॅस्केट फुटले असण्याचा संभव असतो. कारण शोधल्यावाचून नुसते पाणी ओतीत राहिल्यास इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.