हुदैबियाचा तह : ही माघार होती का?

जगात कुठे युद्धबंदी झाली की आपल्या घरातल्या मोबाईलवर लगेच सुरू होतं, "झुकले शेवटी!" तह म्हणजे हार, हे आपण नकळत मुलांनाही शिकवतो. सीरत मात्र वेगळं सांगते.

हिजरी ६, म्हणजे इ.स. ६२८. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे १४०० सहाबांसह उमऱ्याला निघाले. कुरैशांनी वाट अडवली. हुदैबियात बोलणी झाली. कुरैशांच्या वतीने आलेल्या सुहैल बिन अम्रला करारात 'रसूलुल्लाह' हा शब्दही चालेना. ह. अली (रजि.) यांचा हात तो पुसायला धजेना, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः पुसला. दहा वर्षं लढाई नाही. यंदा परत जायचं, पुढच्या वर्षी तीन दिवस यायचं. आणि सगळ्यांत बोचरी अट : मक्केहून पळून आलेल्याला परत द्यायचं, मदीनेहून तिकडे गेलेला मात्र परत मिळणार नाही.

एवढ्यात बेड्यांसकट अबू जंदल (रजि.) येऊन पोहोचले. सुहैलचाच मुलगा, इस्लाम कबूल केला म्हणून कैदेत ठेवलेला. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुलं गप्प होतात. मग एखादा विचारतोच, "त्यांना ठेवून का नाही घेतलं?" ह. उमर (रजि.) यांनाही हा तह सलत होता. प्रेषितांनी (स.) अबू जंदल यांना सब्र करायला सांगितलं, अल्लाह मार्ग काढील म्हणाले, पण दिलेला शब्द मोडला नाही.

सहाबा इतके खचले होते की कुर्बानीला कुणी उठेना. अशा वेळी कामी आला तो ह. उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला : कुणाशी न बोलता आधी आपण कुर्बानी करा, केस उतरवा. तसं केल्यावर सगळे उठले. (राजकारण बायकांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

परतीच्या वाटेवर सूरह फतह उतरली आणि तिने याच तहाला उघड विजय म्हटलं. लढाई थांबली, वाटा खुल्या झाल्या, लोक मोकळेपणाने भेटू-बोलू लागले. ती बोचरी अट तर पुढे कुरैशांनीच काढून टाकायला लावली. मक्केतून निसटलेले अबू बसीर (रजि.), अबू जंदल (रजि.) आणि त्यांचे साथीदार समुद्रकाठच्या व्यापारी वाटेवर कुरैशांचे काफिले अडवू लागले होते.

सूरह अनफालची ७२वी आयत हाच नियम सांगते : दीनच्या बाबतीत मदत मागितली तर मदत करा, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. दग्याची भीती वाटली तर? ५८वी आयत म्हणते, करार उघडपणे परत करा, लपूनछपून नाही.

तह मोडला तो कुरैशांच्या बाजूने. हिजरी ८ मध्ये त्यांच्या मदतीने बनू बक्रने मुसलमानांच्या मित्र खुजाआ टोळीवर हल्ला केला. त्यानंतरच दहा हजारांचं लष्कर मक्केकडे निघालं.