गुदमरण्याची इजा आणि उशिरा येणारा मृत्यू

विहिरीतल्या वाईट हवेत गुदमरलेला मजूर दवाखान्यात आठ दिवस जगून वारला, तर लोक म्हणतात, "तेव्हा तर वाचला होता; पुढे मेंदूत रक्तस्राव होऊन गेला." या एका वाक्याने घरच्यांची नुकसानभरपाई बुडते, आणि गळा आवळल्याचे प्रकरण असेल, तर गुन्हेगारही निसटतो. आम्ही वैद्य नव्हे; कामगारांची प्रकरणे लढविताना हा विषय आम्हांला वाचून शिकावा लागला.

मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढे. पण प्राणवायू त्याला पाचवा हिस्सा लागतो. विहिरीतल्या हवेत तो नसतो, गळा आवळल्यावर तो वर पोचत नाही, परिणाम एकच. चार-पाच मिनिटांत मेंदूतील पेशी मरू लागतात. आवळलेल्या गळ्यात आणखी एक गोष्ट घडते. मानेतील नीला सुमारे 2 किलो दाबाने मिटतात, रोहिणींना सुमारे 5 किलो लागतो. म्हणजे रक्त वर चढते, पण उतरत नाही. आणि पापण्यांत व डोळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात.

माणूस जगला तरी इजा तेथे थांबत नाही. मेंदूतील खोल केंद्रे व स्मृतीचा भाग फार नाजूक; ते पुढच्या काही दिवसांत मऊ पडतात. तेथील रक्तवाहिन्याही दुबळ्या झालेल्या असतात. रक्त पुन्हा वाहू लागले की कधी कधी त्यांतून झिरपते. क्वचित मानेतील रोहिणीचे अस्तर फाटून गुठळी धरते आणि काही दिवसांनी पक्षाघात होतो.

मग शवचिकित्सेत दिसलेले रक्त कशाचे? माराचे असेल, तर बहुधा टाळूच्या कातडीखाली रक्त साकळलेले, कवटीला तडा किंवा मेंदू चेचल्याची खूण सापडते. रक्तदाबाचा स्राव बहुतेक एका बाजूला, खोल व मोठा असतो. गुदमरण्याची इजा सहसा दोन्ही बाजूंस असते. तथापि एवढ्यावर निकाल होत नाही. कारण तोवर मानेवरचे वळ व डोळ्यांतील ठिपके मावळलेले असतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदीला मोल आहे.

हे अंतर किती लांबते? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचा गळा 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने आवळला. त्या जगल्या, पण मेंदू कायमचा अधू झाला. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप केला, आणि रुग्णालयातील भगिनींनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. 18 मे 2015 रोजी त्या न्यूमोनियाने गेल्या. निमित्त न्यूमोनियाचे, त्यांना खाटेला खिळविले ते एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या साखळीने.

हिवरखेडच्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. गुदमरलेला माणूस बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. घटनेची जागा, वेळ, बेशुद्धी किती टिकली, अंगावर काय खुणा होत्या, हे त्याच दिवशी कागदावर नोंदवून घ्यावे. मृत्यू उशिरा आला तरी पोलिसांना कळवून शवचिकित्सा करवावी. आजाराने गेला असे म्हणून सरण रचण्याची घाई करू नये. त्या सरणावर घरच्यांचा हक्कही जळतो.